एकविसावा ससाणा

चिंचोटीच्या वरच्या टेकडीवर कोणीतरी निळी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. ती आपल्यासाठी आहे हे कळल्यावर शत्रुघ्न मोजदाराने तिच्यावर आपली पाण्याची बाटली ठेवली, टॉवेल ठेवला आणि स्वतः उभा राहिला.

“आजोबा, बसा ना. दिवसभर थांबायचंय आपल्याला,” कौस्तुभ म्हणाला.

“मोजदार बसून मोजत नाय. बसला की राशीच्या पल्याडचं दिसत नाय.”

“पण इथे रास कुठाय?”

“येल ना. तू धीर धर.”

कौस्तुभ मूळचा साताऱ्याकडचा. विरारला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेऊन राहिलेला, कंपनीत नोकरी करणारा. सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायला निघणाऱ्यांचा त्याने एक गट जमवला होता. दिवाळी उरकली की शिकारी पक्ष्यांची वर्दळ सुरू होते. घारी, भोवत्ये, मोहोळघारी आणि त्यांच्यात सगळ्यात लांबून येणारा आमूर ससाणा. कबुतराएवढा जीव, पण चीनच्या पार वरच्या टोकाकडून निघतो, आपला अख्खा देश आडवा कापतो आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाऊन उतरतो. चांदीपकडच्या कापलेल्या भातशेतांवर चतुर किडे खात खात हे ससाणे यायचे, तुंगारेश्वरच्या डोंगराला लागून वर चढायचे, टेकडीवरून पश्चिमेला वळायचे आणि भुईगावच्या किनाऱ्यावरून समुद्रावर निघायचे. म्हणून गटाने दोन ठाणी धरली होती. एक ही टेकडी, दुसरं भुईगावचं सुरूचं बन. शनिवार-रविवार दोन्हीकडे मोजायचं आणि आकडे एकमेकांशी ताडून बघायचे.

टेकडीवरची मोजणी शत्रुघ्नकडे आली ती त्याच्या नातीमुळे. दिपिका विरारच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. गेल्या वर्षी पोरांना नुसती वाट दाखवतील म्हणून ती आजोबांना घेऊन आली होती. तेव्हा दहा-बाराचे, फार तर अठराचे थवे जात होते. पोरं दुर्बिणी सावरत “थांब थांब, परत मोजू” करत होती, तोवर शत्रुघ्न आकडा सांगून मोकळा व्हायचा. फोटो काढून मोजले तर आकडा तोच निघायचा. दिपिकाने तेव्हाच छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं होतं, “माझे आजोबा मिठागराचे मोजदार होते. चाळीस वर्षं.”

ते खरंच होतं. खाडीकाठच्या त्यांच्या गावाला मिठागरं होती तोवर शत्रुघ्नचं नाव पंचक्रोशीत कोणाला सांगावं लागत नसे. मिठाच्या राशीवरून डोक्यावर टोपल्या घेऊन माणसं धावत निघायची, फळीवरून पडावात, मीठ नेणाऱ्या मोठ्या होडीत चढायची, टोपली रिकामी करून दुसऱ्या फळीने उतरायची. सकाळपासून भरती लागेपर्यंत ही रांग तुटत नसे. फळीच्या तोंडाशी शत्रुघ्न उभा. पाय फळीवर पडला की टोपली मोजली. राशीशी मोजायची नाही, पडावातही मोजायची नाही, फक्त फळीवर. वीस झाले की एक खडा डब्यात. लिहायला-वाचायला तो पन्नाशी उलटल्यावर रात्रशाळेत शिकला, पण त्याच्या मापावर मालक आणि पडाववाला दोघंही डोळे मिटून मान डोलवायचे. पुढे मिठागरं बंद पडली. खाजणातल्या दलदलीत भराव आले, मोठमोठी गोदामं आली. मोजायला काही उरलं नाही. लोक अजून त्याला मोजदारच म्हणायचे, पण जसं एखाद्याला लहानपणचं लाडाचं नाव चिकटून राहतं तसं.

आणि आता शहात्तराव्या वर्षी पोरांनी त्याला परत मोजायला उभं केलं होतं. त्या शनिवारी पहाटे त्याने कपाटातून धुतलेला पांढरा सदरा काढला तेव्हा कृष्णाबाई म्हणाली, “नवरदेव निघाले. कोनाच्या लग्नाला?”

“ससान्यांच्या.”

“जेवान काय हाय तिथं?”

“चतुर.”

“मग ही भाकरी घेऊन जा. चतुर तुला पचायचे नाय.”

सकाळी नऊच्या सुमाराला ते आले. आधी डोंगराच्या कडेवर नुसतं धुळीसारखं काही दिसलं. मग ती धूळ गोल फिरायला लागली. दिपिका दुर्बीण लावून कुजबुजली, “आजोबा, आमूर! घिरट्या घेतायत. वर चढतायत.”

“चढू दे. घिरटीत मोजू नको, एकच दहादा मोजशील.”

त्याने आधीच आपली फळी हेरून ठेवली होती. टेकडीच्या खाली विजेचा मनोरा होता. त्याच्या टोकापासून समोरच्या उंच ताडाच्या शेंड्यापर्यंत त्याने मनात एक रेघ ओढली होती. ससाणा त्या रेघेवर आला की मोजला, अलीकडे नाही, पलीकडे नाही. घिरटीच्या माथ्यावरून ससाणे पंख ताणून सुटले आणि रेघेवर यायला लागले. पहिले दोन-चार, मग ओघ. शत्रुघ्नचे ओठ हलायला लागले. आवाज बाहेर येत नव्हता. उजव्या मुठीत खडे होते, पायाशी दिपिकाचा स्टीलचा डबा. वीस झाले की खडा टण् करून डब्यात पडायचा आणि नजर रेघेवरून तसूभर हलायची नाही.

टण्. टण्. टण्.

कौस्तुभ आणि बाकीची दोघं-तिघं पोरं तोंडं उघडी टाकून वर बघत होती. आभाळभर ससाणे होते. दिपिका आभाळाकडे कमी आणि आजोबांकडे जास्त बघत होती. लहानपणी तिने या माणसाला अंगणात नुसतं बसलेलं पाहिलं होतं. हा ताठ उभा राहिलेला माणूस तिने फक्त आजीच्या बोलण्यातून ऐकला होता.

शेवटचा ससाणा रेघ ओलांडून गेला. शत्रुघ्नने मूठ उघडली, बोटं मोकळी केली.

“खडे मोज.”

दिपिकाने दोनदा मोजले. “सेहेचाळीस.”

“आनि वर तेरा.”

“नऊशे तेहेतीस!” दिपिका ओरडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शत्रुघ्नने भाकरी सोडली आणि उभ्या उभ्याच पहिला घास घेतला. त्या घासाला जी चव होती तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

थोड्या वेळाने भुईगावच्या ठाण्यावरून ॲलिस्टरचा फोन आला. ॲलिस्टर तिथल्या गटाचा म्होरक्या, घरची माडांची आणि केळींची वाडी. त्याच्याकडे बटण दाबून मोजायचं यंत्र होतं आणि शेजारी त्याचे वडील फर्डिनंड, तेही मोजणी बघायला हौसेने येऊन बसलेले. कौस्तुभने फोन स्पीकरवर टाकला.

“आलेत रे तुमचे सगळे,” ॲलिस्टर म्हणाला. “एकाच दमात समुद्रावर गेले. नऊशे ब्याऐंशी. तुमचे किती?”

कौस्तुभने डब्यातल्या खड्यांकडे बघितलं.

“हॅलो? कौस्तुभ?”

“आमचे नऊशे तेहेतीस,” कौस्तुभ म्हणाला.

“अरे? म्हणजे एकोणपन्नास कमी. आम्ही तर तिघांनी वेगवेगळं मोजलं. फार तर दोन-चारचा फरक.”

मागून फर्डिनंडचा घोगरा आवाज आला. “मोजदार, वय झालं रे तुझं! एकोणपन्नास ससाणे म्हणजे काय डास आहेत का?”

“तुझ्या इथं डासच मोजले असतील,” शत्रुघ्नने इकडून फेकलं. सगळे हसले. पण फोन बंद झाल्यावर हसू फार वेळ टिकलं नाही.

कौस्तुभ वाईट माणूस नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं. तो म्हणाला, “आजोबा, काहीतरी मधल्या घळीतून गेले असतील. पुढे जाऊन मिळाले असतील. आपण तसंच लिहू.” मग जरा थांबून, “आणि उद्या असं करू. मोजणी मी आणि दिपिका करतो. तुम्ही लांबून येणारे आधी दाखवा. ते तुमच्याइतकं कोणाला जमत नाही.”

खुर्चीवरची बाटली आणि टॉवेल त्याने उचलून बाजूला ठेवला. शत्रुघ्नने ते बघितलं. दिपिका खाली मान घालून डब्यातले खडे परत मोजत होती. तिने आपलं नाव पुढे करून आजोबांना इथे उभं केलं होतं. आता तिची मान खाली गेली ती आपल्यामुळे, हे शत्रुघ्नला खड्यासारखं टोचलं.

तो खुर्चीत बसला नाही, पण तिच्यापासून लांब टेकडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला होता, दुसरा डॉक्टरने “पुढच्या वर्षी बघू” म्हणून ठेवला होता. तोच दगा देत असेल का? की डोकं? एकोणपन्नास! चार-पाच चुकले तर हाताची थरथर म्हणता येईल. एकोणपन्नास म्हणजे मोजदाराच्या नाकासमोरून पडाव निघून गेला आणि त्याला पत्ता नाही.

खाली शेतात भाताची कापणी झाली होती. बाया डोक्यावर भारे घेऊन बांधावरून खळ्याकडे चालल्या होत्या. बांधाच्या मध्ये एक जांभळीचं झाड होतं. डोळे तपासायचे म्हणून शत्रुघ्नने ते झाड धरलं आणि भारे मोजायला लागला. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे त्याच्या बापाने शिकवलं होतं. भारे स्पष्ट दिसत होते. बायांच्या लुगड्यांचे रंगसुद्धा दिसत होते. डोळ्याला काही झालेलं नव्हतं. अठरा, एकोणीस, वीस. खडा नव्हता म्हणून त्याने एक बोट दुमडलं. पुढची बाई झाडाखालून गेली. हा खाडीचा. तिच्या पुढची. लाभ, दोन, तीन…

शत्रुघ्न थांबला.

पुढची बाई गेली, तिच्या पुढची गेली. त्याने मोजलं नाही.

मीठ पाण्यावरून जातं. वाटेत दमट हवा लागते, फटीतून पाणी येतं, मीठ विरघळतं. म्हणून त्यांच्या मिठागरावर रीत होती की वीस टोपल्या मोजल्या की एकविसावी पडावात जायची, पण मोजायची नाही. ती खाडीची. खाडी जे खाणार ते तिला आधीच देऊन टाकायचं, म्हणजे पलीकडे माप पुरं उतरतं. बापाने मोजताना तसं म्हटलं, त्याने म्हटलं. चाळीस वर्षं वीसनंतर जिभेने “हा खाडीचा” म्हटलं आणि मग परत लाभ. ते मोजण्याचं गाणंच तसं होतं. गेल्या वर्षी थवे विसाच्या आतले, म्हणून ते कधी वर आलंच नाही. आज ओघ आला आणि जीभ आपल्या जुन्या वाटेने निघाली. प्रत्येक खड्याला एक ससाणा त्याने खाडीला देऊन टाकला होता.

त्याला आधी हसू आलं. मग ते हसू गेलं.

हे कोणाला कळलं नव्हतं. कौस्तुभने घळीचं कारण आपणहून काढलं होतं. ते राहू दिलं तर डोंगरावर ढकललं जाईल आणि शत्रुघ्नची अब्रू झाकली राहील. सांगितलं तर भुईगावच्या बनापर्यंत हसं होईल. फर्डिनंड तर मरेपर्यंत सोडणार नाही. आणि कौस्तुभ म्हणेल, आजोबा, चाळीस वर्षांची सवय आता काय जाणार, बसा.

पण सेहेचाळीस ससाणे होते. इतक्या लांबून आले होते. त्याच्या डोळ्यासमोरून, त्याच्या फळीवरून गेले होते. ते नव्हतेच, असं मोजदाराने कसं म्हणायचं?

तो वळला आणि सरळ पोरांपाशी आला.

“भुईगावला फोन लाव.”

“कशाला आजोबा?” दिपिका म्हणाली. “जाऊ द्या ना. झालं ते.”

“लाव तू. आनि सगल्यांना आयकू येल असा लाव.”

फोन लागला. शत्रुघ्नने तो हातात घेतला, तोंडापासून वीतभर लांब धरला आणि मोठ्याने बोलला, जसा फळीवरून पडावातल्या माणसाशी बोलायचा तसा.

“फर्डिनंड, हाय का तिथं?”

“आहे बाबा. डास मोजतोय.”

“आयक. माझी मोजनी चुकली. घलीतून कोन गेलं नाय. डोले बरे हायत. मी दर विसाला एक खाडीला सोडला.”

तिकडे फर्डिनंड असा हसला की ॲलिस्टरला फोन सावरावा लागला.

“अरे देवा! खाडीचा! अरे मोजदार, तो तर माझ्या बापाने आयुष्यभर घरी नेला!” आणि मग तो आपल्या मुलाला सांगायला लागला ते टेकडीवर सगळ्यांनी ऐकलं. माडांच्या बुंध्यात घालायला मीठ लागायचं. ते आणायला तो तरुणपणी बापाबरोबर बैलगाडी घेऊन मिठागरावर जायचा. रस्त्याने मीठ विरघळायचा प्रश्नच नव्हता, तरी शत्रुघ्न वीस टोपल्या झाल्या की एकविसावी न मोजता गाडीत टाकायचा. “माझा बाप म्हणायचा, गप बस, बोलू नको. त्याला वाटतं आपण खाडीतून जातो!”

“मला ठावं होतं तू गाडीतून जातोस,” शत्रुघ्न म्हणाला. “माप मानसापरत बदलत नाय. पडावाला जे, तेच गाडीला.”

“म्हणून आमचे माड असे आहेत बघ. वर बघायचं तर टोपी पडते.”

दिपिकाने तोवर हिशोब केला होता. “सेहेचाळीस खडे, सेहेचाळीस ससाणे. नऊशे तेहेतीस आणि सेहेचाळीस. नऊशे एकोणऐंशी! कौस्तुभ, त्यांच्यापेक्षा तीनच कमी!” तिची मान आता वर होती. कौस्तुभने तोंडावर हात ठेवला होता आणि तो डब्याकडे असा बघत होता जणू त्यात काही जिवंत आहे.

“आनि उरलेले तीन?” शत्रुघ्नने फोनमध्ये विचारलं.

“ते माझ्या ॲलिस्टरचे,” फर्डिनंड म्हणाला. “तो बटण दाबताना शिंकतो.”

फोन झाल्यावर कौस्तुभ जवळ आला. “आजोबा, मी घळीचं बोललो ते…”

“तू चांगल्या मनाने बोललास. पन उद्या मोजनी माझी.”

कौस्तुभ घुटमळला. “सवय आहे ती. एका रात्रीत कशी जाईल?”

दिपिकाने तोड काढली. “सोप्पं आहे. आजोबांनी त्यांचं म्हणायचं तसंच म्हणायचं. आपण खडा एकवीसचा धरायचा. झालं!”

कौस्तुभचा चेहरा खुलला. पण शत्रुघ्नने मान हलवली.

“नाय. आज विसाचा, उद्या एकविसाचा. घाईत एखादा खडा असा पडेल, एखादा तसा, मग कोन सांगनार कंचा कंचा? खडा विसाचाच. माझी जीभ मी सुधारीन.”

“नाही सुधारली तर?”

शत्रुघ्नने खुर्चीकडे बोट केलं. “तर मी हिच्यात बसेन. तू सांगायची गरज नाय. मोठ्याने मोजतो. सगले आयका. एकदा जरी खाडीला दिला तरी खडे तुझ्या हातात.”

संध्याकाळी घरी कृष्णाबाई ओटीवर वाल निवडत बसली होती. शत्रुघ्नने सगळी हकिकत सांगितली. ती पदरात तोंड घालून हसली, मग म्हणाली, “बस इथं.” सूप त्याच्यापुढे सरकवलं. “एक एक वाल टोपात टाक. मोठ्याने.”

“लाभ. दोन. तीन…” वीस झाले. “हा खा…”

फाट्! कृष्णाबाईने त्याच्या मनगटावर चापट मारली.

“मारतेस काय?”

“खाडीला तिचा वाटा देते. पुन्ना.”

लाभ, दोन, तीन. वीस. “हा…” फाट्! दिपिका दारात उभी राहून बघत होती, तिला हसून हसून बसावं लागलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाव्यांदा. टोपात वाल साचत गेले. कृष्णाबाईचा हात भाकरी थापून थापून तयार झालेला होता, तो काही थकत नव्हता. हळूहळू शत्रुघ्नची जीभ विसाशी आली की मनगट आपोआप मागे जायला लागलं. मग एकदा वीस झाले, मनगट नुसतं शहारलं आणि जीभ म्हणाली, “लाभ.”

कृष्णाबाईने हात वर उचललेला होता. तो तसाच राहिला.

“पुढं,” ती म्हणाली. सगळे वाल संपेपर्यंत तिला परत हात खाली आणावा लागला नाही. शेवटी ती उठताना म्हणाली, “चालीस वर्सं मला वाटलं तू झोपेत माझ्याशी बोलतोस. लाभ लाभ म्हनून. मी आपली खूश.”

रविवारी टेकडीवर एक माणूस जास्त होता. फर्डिनंड ॲलिस्टरला बनात सोडून, रिक्षा करून चिंचोटीला आला होता आणि धापा टाकत वर चढला होता. हातात केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, घरच्या वाडीतली वाळवलेली केळी होती. आल्या आल्या तो निळ्या खुर्चीत बसला.

“कोणाची आहे रे ही? फार चांगली आहे.”

“तुझीच,” शत्रुघ्न म्हणाला. “कालपासून तुझ्या नावाने ठेवलीय.”

ससाणे कालच्यापेक्षा उशिरा आले. ऊन तापून वारा वर उठायला लागला तेव्हा डोंगराच्या दोन बाजूंनी दोन घिरट्या उठल्या, एकमेकींत मिसळल्या आणि मग रेघेवर असा ओघ सुटला की त्यापुढे कालचा काहीच नव्हता. शत्रुघ्नने पाय रोवले. मुठीत खडे घेतले. आणि आज मोठ्याने, खड्या आवाजात त्याने सुरुवात केली.

“लाभ! दोन! तीन! चार!”

कौस्तुभ श्वास धरून ऐकत होता. दिपिकाने दोन्ही हात जोडून तोंडाशी धरले होते. अठरा. एकोणीस. वीस. टण्. फर्डिनंड खुर्चीत पुढे झुकला. शत्रुघ्नचं मनगट शहारलं.

“लाभ!”

कोणीतरी पाठीमागे “हुश्श” केलं. शत्रुघ्नला ते ऐकू आलं नाही. तो फळीवर होता. ससाणे रेघेवर पाय ठेवत होते आणि तो प्रत्येकाला आकडा देत होता. तांबड्या मांड्यांचे नर, पट्टेदार छातीच्या माद्या, यंदाच जन्मलेली पोरं, ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. सगळे त्याच्या आवाजाखालून जात होते. त्याचा आवाज बसायला लागला, पण ताल तुटला नाही. विसाला खडा, खड्यानंतर लाभ. पुढे पुढे तर पोरंही त्याच्याबरोबर पुटपुटायला लागली. विसाच्या जवळ आलं की सगळ्यांचा आवाज चढायचा आणि “लाभ” सगळे एकदम म्हणायचे. फर्डिनंड खुर्चीच्या हातावर थाप मारायचा. खाली महामार्गावर कंटेनर धावत होते, त्यांना काय माहीत वर काय चाललंय.

ओघ ओसरला. शेवटचे सात सुटे गेले.

“खडे,” शत्रुघ्न घोगऱ्या आवाजात म्हणाला.

दिपिकाने खडे मोजले. कौस्तुभने मोजले. “एकसष्ट.”

“वर सात.”

“बाराशे सत्तावीस,” दिपिका म्हणाली. ओरडली नाही. सगळे भुईगावच्या फोनची वाट बघत बसले. सुकेळी वाटली गेली. शत्रुघ्नने खाल्ली नाही. तो उभाच होता, मनोऱ्याकडे बघत. फोन वाजला तेव्हा कौस्तुभ उचलायला धडपडला.

“काय ओघ होता रे!” ॲलिस्टरचा आवाज. “आम्ही तिघं दमलो. बाराशे एकतीस. तुमचं सांग.”

कौस्तुभने फोन शत्रुघ्नपुढे धरला.

“बाराशे सत्तावीस,” शत्रुघ्न म्हणाला.

“चार? नुसते चारच?” ॲलिस्टर म्हणाला. “मग आमच्यात चार घारी घुसल्या असतील.”

“तुझ्या चष्म्यावर चार डाग असतील!” फर्डिनंड खुर्चीतून ओरडला. “मी इथे कानांनी ऐकलं. पठ्ठ्याने खाडीला एकही दिला नाही!”

मग टेकडीवर जो गलका झाला त्यात दिपिका आजोबांच्या गळ्यात पडली. कौस्तुभने शत्रुघ्नचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी पोरांना शिकवाल का? हे रेघ धरून मोजायचं? आणि ते लाभ?”

“शिकवीन. पन उभं राहायला लागेल.”

“राहतील.”

“आनि त्यांच्या बायकांना सांगून ठेव. हात तयार पायजेत.”

पाच वाजता मोजणी बंद करायची असा दोन्ही ठाण्यांचा नियम होता. कौस्तुभने घड्याळ बघून दिवसाचा आकडा मोबाइलवरून पाठवून दिला. पोरं सामान आवरायला लागली. फर्डिनंडला खुर्चीतून उठायला दोघांचा हात लागला. दिपिकाने डब्यातले खडे मोजून आजोबांच्या खिशात परत घातले. उन्हं तांबडी होऊन खाडीच्या पाण्यावर पसरली होती.

तेवढ्यात डोंगराच्या कडेवरून एक ससाणा आला. एकटाच. घिरटी नाही, घाई नाही. मागे राहिलेला असावा. मनोऱ्याच्या टोकावरून आणि ताडाच्या शेंड्यावरून अगदी रेघेवरून तो सरकला.

“अरे, एक राहिला!” कौस्तुभने खिशातून मोबाइल काढला, वेळ बघितली आणि चुळबुळला. “पण पाच वाजून गेले. आता कुठे घ्यायचा हा?”

सगळ्यांनी शत्रुघ्नकडे बघितलं.

शत्रुघ्नने कपाळावर हात धरून त्या ससाण्याकडे बघितलं. तो खाली उतरत, जुन्या मिठागरांवरून, भरावावरून, गोदामांच्या पत्र्यांवरून खाडीच्या अंगाने चालला होता. दोन दिवसांत त्याला कोणी आकडा दिला नव्हता.

“हा खाडीचा,” शत्रुघ्न म्हणाला.

मग त्याने रिकामी निळी खुर्ची उचलली, डोक्यावर टोपलीसारखी ठेवली आणि सगळ्यांच्या पुढे टेकडी उतरायला लागला.